पिवळी स्कूटर आणि चार ट्रॅक

'हम्मा हम्मा' कोणाचं, असं विचारलं तर बहुतेक जण ए. आर. रहमानचं नाव घेतात. वयाने अजून लहान असाल तर 'ओके जानू'मधला बादशाहचा रॅप आठवेल. 'बॉम्बे' (१९९५) सिनेमाच्या हिंदी आवृत्तीत हे गाणं गाणारा माणूस म्हणजे रेमो फर्नांडिस. 'प्यार तो होना ही था' (१९९८) या सिनेमाच्या शीर्षकगीतात जसपिंदर नरुलासोबत आहे, तोही रेमोच. मराठी घरांत रेमो पोचला तो एवढाच. हिंदी सिनेमातला एक आवाज, जरा वेगळा, जरा 'गोव्याचा' वाटणारा.

माझ्या मते रेमोच्या कामातला हा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. महत्त्वाचा रेमो १९८४ सालच्या एका कॅसेटमध्ये आहे. कॅसेटचं नाव 'गोअन क्रेझी'. शिवोली गावातल्या घरी, चार ट्रॅकच्या एका छोट्या यंत्रावर त्याने ती रेकॉर्ड केली. गाणी त्याची, चाली त्याच्या, सगळी वाद्यं आणि सगळे आवाज त्याचेच. मिक्सिंग त्याचं, कव्हरही त्यानेच काढलं. मग कॅसेटी पिवळ्या स्कूटरवर लादून गोव्यातल्या दुकानादुकानांत स्वतः पोचवल्या. 'बंडखोर गायक' हा शब्द आपण फार सैल वापरतो. केस वाढवले, सरकारला दोन शिव्या दिल्या, की झाला बंडखोर. रेमोचं बंड शोधायचं तर त्याच्या शब्दांआधी त्या स्कूटरकडे बघावं लागतं.

शिवोली, मुंबई, युरोप आणि परत शिवोली

जन्म ८ मे १९५३, बार्देश तालुक्यातलं शिवोली. म्हणजे गोव्यातली पोर्तुगीज राजवट संपली तेव्हा हा मुलगा आठ वर्षांचा होता. घरात पोर्तुगीज, गावात कोकणी, रेडिओवर इंग्रजी. पुढे शिक्षणासाठी मुंबईला, जे. जे.मध्ये आर्किटेक्चर. तिथे 'द सॅव्हेजेस' या त्या वेळच्या नावाजलेल्या रॉक बँडमध्ये तो वाजवत होता. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लिफ्ट मागत युरोप आणि उत्तर आफ्रिका फिरला. आणि मग गावी परतला.

इथे थांबण्यासारखं आहे. मुंबईत रेकॉर्डिंग कंपन्या होत्या, स्टुडिओ होते, हॉटेलांतली कामं होती. पण इंग्रजीत गाणाऱ्या भारतीयाकडून तेव्हा अपेक्षा असायची ती परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल करण्याची. स्वतःचं गाणं लिहिणारा त्या बाजारात बसत नव्हता. रेमो बाजार सोडून गावात येऊन बसला, आणि गाणी गावाबद्दल लिहू लागला.

चार ट्रॅक म्हणजे काय

माझा धंदा सॉफ्टवेअरचा आहे, त्यामुळे या यंत्रावर दोन परिच्छेद खर्च करतो. त्याशिवाय त्या आवाजाचा अर्थ लागत नाही.

साध्या कॅसेटच्या टेपवर चार पट्टे असतात, दोन एका बाजूचे आणि दोन दुसऱ्या. १९७९ मध्ये टीॲक कंपनीने 'पोर्टास्टुडिओ' आणला. त्यात चारही पट्टे एकाच दिशेने वापरता येत, आणि दर्जा सुधारावा म्हणून टेप दुप्पट वेगाने फिरे. म्हणजे एक तासाच्या कॅसेटमध्ये पंधराच मिनिटं. एका पट्ट्यावर गिटार, दुसऱ्यावर बास, तिसऱ्यावर ताल. आता बासरी आणि गळा कुठे घालायचा? तर आधीचे तीन मिळून चौथ्या पट्ट्यावर उतरवायचे आणि तिन्ही पुसून टाकायचे. जागा मिळाली. पण आता गिटार जरा मोठी वाटली तरी ती कमी करता येत नाही. अनडू नाही, बॅकअप नाही. शिवाय दर वेळी टेपची खरखर थोडी वाढते.

परिणाम असा की अशा यंत्रावर माणूस पाल्हाळ लावू शकत नाही. प्रत्येक वाद्याला 'तू इथे कशाला?' हा प्रश्न विचारावाच लागतो. 'गोअन क्रेझी'तला मोकळेपणा, गळ्याचं पुढे असणं, शब्द स्वच्छ ऐकू येणं, यात आवडीचा भाग आहेच. पण बराचसा भाग त्या चार पट्ट्यांच्या शिस्तीचाही आहे. त्याच काळात अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीनने घरच्या घरी पोर्टास्टुडिओवर 'नेब्रास्का' (१९८२) रेकॉर्ड केला होता. फरक एवढाच की स्प्रिंगस्टीनच्या मागे एक बलाढ्य कंपनी उभी होती. रेमोच्या मागे स्कूटरचं स्टँड.

बंड म्हणजे नेमकं काय

अमेरिकेत सत्तरच्या दशकात 'आउटलॉ कंट्री' नावाची लाट आली. वेलन जेनिंग्ज, विली नेल्सन ही त्यातली मोठी नावं. नावावरून वाटतं पिस्तूल, दारू, तुरुंग. प्रत्यक्षातलं भांडण बरंच रुक्ष होतं. नॅशव्हिलमध्ये कोणतं गाणं घ्यायचं, कोणते वादक बसवायचे, व्हायोलिनं किती लावायची हे कंपनीचा निर्माता ठरवायचा. जेनिंग्जने १९७२ मध्ये आरसीए कंपनीशी करार नव्याने करताना हे अधिकार मागून घेतले. गावाकडच्या गाण्याचं शहरातल्या ऑफिसात जे होतं, त्याला दिलेला तो नकार होता. पुढे 'वाँटेड! द आउटलॉज' (१९७६) हा कंट्री संगीतातला पहिला प्लॅटिनम अल्बम ठरला, आणि ज्या कंपन्यांशी भांडण होतं त्यांनीच 'आउटलॉ'चं लेबल करून विकलं. बंड खपतं हे एकदा कळलं की त्याचं पाकीट बनायला वेळ लागत नाही.

ही मोजपट्टी रेमोला लावून बघा. 'ओड टू ग्रॅहम बेल' हे त्याचं गाणं टेलिफोनच्या दुर्दशेची थट्टा करतं. विषय केवढासा! पण १९८४ मध्ये फोन ही सरकारी गोष्ट होती, आणि डायल टोन न येणं हा नागरिक आणि सरकार यांच्यातला रोजचा संवाद होता. अशा गाण्याला कंपनीतल्या कोणी 'हे गोव्याबाहेर कोणाला कळणार?' असं विचारलं असतं आणि गाणं तिथेच मेलं असतं. शिवोलीत हा प्रश्न विचारायला कोणी नव्हतं. टेप ज्याच्या हातात, गाणं त्याचं.

पंतप्रधानांच्या तोंडावर

१९८६ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले असताना रेमोला त्यांच्यासमोर गायला बोलावलं होतं. त्याने 'हॅलो राजीव गांधी' नावाचं गाणंच लिहिलं, गोव्याची गाऱ्हाणी थेट पाहुण्यांच्या कानावर घालणारं. स्थानिक मंडळींना हा पाहुण्यांचा अपमान वाटला, टीका झाली. रेमोने तो सगळा प्रकार राजीव गांधींना कळवला, आणि आपल्याला गाण्यात काही गैर वाटलं नाही असं त्यांचं उत्तर आलं. त्याच सुमाराला दूरदर्शनवर दाखवलेल्या 'एड भोपाळ' या मैफलीने त्याचा चेहरा देशभर नेला.

हा किस्सा धाडसाचा म्हणून सांगितला जातो. मला तो परंपरेचा वाटतो. माझं गाव वालावल, कुडाळ तालुक्यात, कर्लीच्या काठावर. आमच्याकडे दशावतारात शंकासुर येतो आणि भटाची मालवणीत फिरकी घेतो. डबलबारीला बुवा समोरच्या बुवाला उभ्या उभ्या रचलेल्या ओळींत सोलतो. चाल सिनेमाची, शब्द बुवाचे. गावचे मानकरी पुढच्या रांगेत बसलेले असतात आणि टोमणा त्यांच्यापर्यंत पोचतो. गोव्यात तियात्राच्या दोन अंकांमध्ये येणारी कांतारं हेच काम कोकणीतून करत आली आहेत. एम. बॉयर, आल्फ्रेड रोझ यांनी पुढाऱ्यांची रेवडी उडवली ती रेमोच्या कितीतरी आधी. तेव्हा मोठ्या माणसाला तोंडावर ऐकवणं ही गोष्ट रेमोने आणली नाही. त्याने ती इंग्रजीत, गिटारवर आणि कॅसेटमध्ये आणली.

आता तक्रारी

पहिली तक्रार भाषेची. इंग्रजीमुळे ती गाणी शिकलेल्या, पेपर वाचणाऱ्या वर्गाच्या दिवाणखान्यात गेली, म्हणून झोंबलीही. पण म्हापशाच्या बाजारात मासे विकणाऱ्या बाईच्या ओठांवर त्याचं 'मारिया पिताशे' बसतं, आणि ते आहे 'ओल्ड गोअन गोल्ड' (१९८५) या जुन्या गाण्यांच्या संग्रहातलं. म्हणजे लोकांचं झालेलं गाणं जुनं आणि स्वतःचं टोकदार गाणं इंग्रजी, अशी फाळणी त्याच्या कामात पडली. कोकणीत, आजच्या गोव्याबद्दल, स्वतः लिहिलेलं असं तिसरं दालन त्याने जितकं भरायला हवं होतं तितकं भरलं नाही. गोव्याची भाषा कोणती यावरून ऐंशीच्या दशकात गोवा पेटला होता. १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला. त्या काळातल्या सर्वांत मोठ्या गोवन आवाजाबद्दल ही खंत वाटतेच.

दुसरी तक्रार, काही गाणी पोस्टर होतात. 'पॅक दॅट स्मॅक' (१९८६) अमली पदार्थांविरुद्ध आहे. हेतूबद्दल शंका नाही आणि गोव्यात तो प्रश्न खराच होता. पण संदेश समजला की गाण्यात परत जाण्याचं कारण कमी उरतं. फोनवरचं गाणं हसवतं, म्हणून फोन सुधारल्यावरही ते शिळं होत नाही. रेमो चिडतो तेव्हापेक्षा थट्टा करतो तेव्हा जास्त खोल जातो.

तिसरी आणि मोठी तक्रार हिंदी सिनेमाची. श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल'मध्ये (१९८५) तो आला तेव्हा गोष्टच १९६१च्या गोव्याची होती, तो तिथला माणूस म्हणून आला. 'जलवा' (१९८७), 'हम्मा हम्मा', 'हुइया हो' करत पुढे गेला तसा तो एक रंग झाला: जरा समुद्र, जरा मस्ती हवी, रेमोला बोलवा. गाणी वाईट नाहीत. 'हम्मा हम्मा' सुरू झालं की माझाही पाय हलतो. पण त्यात शब्द दुसऱ्याचे, चाल दुसऱ्याची, निर्णय दुसऱ्याचा. ज्या बाजारातून उठून तो शिवोलीला आला होता, त्याच्याच मोठ्या भावाने त्याला परत बोलावलं, या वेळी चांगले पैसे देऊन. पोट प्रत्येकाला असतं आणि यात पाप काही नाही. फक्त आपण त्याची आठवण कोणत्या गाण्यांवरून ठेवतो हे लक्षात घ्यावं.

चौथी तक्रार इतरांची आहे, माझी नाही. २००७ मध्ये पद्मश्री मिळालेल्या माणसाने पोर्तुगालचं नागरिकत्व कसं घेतलं, म्हणून बरीच आरडाओरड झाली. १९६१पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगीज कायदा ही वाट देतो, आणि हजारो गोवेकर त्या वाटेने गेले आहेत. पासपोर्टवरून गाण्याची परीक्षा करणं म्हणजे 'गोअन क्रेझी'चं कव्हर बघून कॅसेट न ऐकणं.

तेरेखोलच्या अलीकडे

वालावलहून शिवोली साधारण दोन तासांवर. मधे पत्रादेवीचा नाका. तरी आमच्या पट्ट्यात रेमोसारखा कोणी का झाला नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो. बुद्धीची किंवा गळ्याची वाण नाही. एक डबलबारी ऐकली की खात्री पटते. अडचण अशी की महाराष्ट्राने मालवणीला एकच खुर्ची देऊन ठेवली आहे, विनोदाची. 'वस्त्रहरण' १९८०ला आलं, गंगाराम गवाणकरांची लेखणी आणि मच्छिंद्र कांबळींची जीभ यांनी मालवणीला मुंबईच्या रंगमंचावर मान मिळवून दिला. हे मोठंच काम होतं. पण तेव्हापासून मालवणी माणसाने तोंड उघडलं की समोरचा हसायला तयारच असतो. हिंदी सिनेमाने रेमोच्या आवाजावर 'गोवा' असा शिक्का मारला, तसाच हा शिक्का.

आज गावागावात पोरं फोनवर गाणी करतात. त्या फोनमध्ये चार नव्हे, हवे तितके ट्रॅक आहेत, अनडू आहे, आणि पोचवायला स्कूटरही लागत नाही. रेमोला जे मोठ्या जिकिरीने जमवावं लागलं ते सगळं खिशात आहे. तरी पुष्कळदा रील सुरू होते ती मालवणी शिवी आणि हशा यांनीच, कारण तेच चालतं हे आपल्याला ठाऊक असतं. 'हे बाहेर कोणाला कळणार?' असं विचारणारा कंपनीतला माणूस गेला. तो प्रश्न आता आपण स्वतःच स्वतःला विचारतो, आणि उत्तर व्ह्यूजच्या आकड्यात शोधतो. गाळ उपसणाऱ्या ड्रेजरबद्दल, काजूच्या दराबद्दल, सहा महिने बंद घरांबद्दल मालवणीत गाणं होऊ शकतं. ते कुडाळ-वेंगुर्ल्यापलीकडे कोणाला कळलं नाही तरी चालेल, असं आधी कोणीतरी ठरवावं लागेल. रेमोने १९८४ मध्ये तेवढंच ठरवलं होतं. नंतर ऐकायला सगळा देश आला.

तेव्हा रेमो ऐकायचा असेल तर उलट्या क्रमाने नको. 'गोअन क्रेझी'पासून सुरुवात करा, मग 'ओल्ड गोअन गोल्ड', मग 'बॉम्बे सिटी!' (१९८७). त्यानंतर 'हम्मा हम्मा' लावा. तोच गळा आहे. टेप दुसऱ्याच्या हातात गेल्यावर गळ्याचं काय होतं, ते तुम्हाला आपोआप ऐकू येईल.