खेळ कोणी थांबवायचा? : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील सामंताची साक्ष

खेळ हा ठरावीक स्थळकाळाच्या कुंपणात, स्वतःच्या नियमांनी चालणारा आणि नित्य व्यवहारापासून अलग राहणारा व्यापार आहे, ही योहान हुइझिंगा यांची ‘होमो लुडेन्स’ (1938) मधील मांडणी आता परिचित झाली आहे. तिच्यातील ‘अलग’ हा शब्द मात्र तपासून घ्यावा लागतो. बुद्धिबळात राजाला कोंडीत पकडणारा खेळाडू समोरच्याचा अपमान करीत नाही, कारण तेथे माणूस आणि प्यादे यांच्यात अंतर असते. खेळाडू स्वतःच प्यादे झाला, म्हणजे त्याने एखादी भूमिका अंगावर घेतली, की हे अंतर राखणे अवघड होते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 1974 मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला आणि मेजाभोवती बसून खेळावयाच्या भूमिकाखेळांची एक नवी परंपरा सुरू झाली. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, ते काय करते हे बोलून सांगायचे. यशापयश फाशांवर सोपवायचे. आणि एकाने त्या कल्पित जगाचा निवेदक व पंच व्हायचे, असे त्याचे स्वरूप. या खेळात एक भांडण नेहमीचे आहे. एखादा खेळाडू सोबत्यांचा विश्वासघात करतो, शरण आलेल्याला मारतो, आणि जाब विचारला तर म्हणतो, ‘मी कुठे केले? माझे पात्र असेच वागले असते.’ नियमांत हे उत्तर बसते. पण ज्याला लागते तो कल्पित गुहेत नसतो, मेजाच्या पलीकडे बसलेला असतो. नैतिक निवड कथेतल्या पात्रापुढे आहे असे भासते. प्रत्यक्षात ती पात्राच्या आड बसलेल्या माणसापुढे असते.

हा पेच त्या अमेरिकी खेळाच्या सात वर्षे आधी मराठी रंगभूमीवर आला होता. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ ‘रंगायन’ने 1967 मध्ये सादर केले, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. मध्यमवर्गीय दांभिकतेचे आणि स्त्रीच्या कोंडीचे नाटक म्हणून त्याची चर्चा झाली, आणि ते योग्यच आहे. पण त्या चर्चेत अभिरूप न्यायालय हे बहुधा केवळ एक युक्ती, आशय वाहून नेणारे पात्र ठरते. खेळ हाच येथे आशय आहे, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे; आणि ते पटण्यासाठी बेणारेवरून नजर काही काळ सामंताकडे वळवावी लागते. मुंबईची मंडळी गावात प्रयोगाला येतात, गावचा एक भिडस्त माणूस त्यांना सभागृह उघडून देतो. हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावसारख्या गावात बसून नाटक वाचणाऱ्याला या माणसाकडे दुर्लक्ष करणे जमत नाही.

खेळ सुरू होतो तो मुळात त्याच्यासाठी. रात्रीचा प्रयोग राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्यावरील अण्वस्त्रविषयक अभियोगाचा आहे. एक साक्षीदार आलेला नाही, त्याच्या जागी सामंताला उभे करायचे आहे, आणि न्यायालय कसे चालते हे त्याला ठाऊक नाही. म्हणून एक लटका खटला चालवून त्याला शिकवायचे ठरते. बेणारे आत गेलेली असताना तिला आरोपी करण्याचा बेत होतो. आरोप भ्रूणहत्येचा. शिकवणीला कोणीही आरोपी चालला असता. नेमकी तीच निवडली जाते, हे तिथल्या कोणालाही खटकत नाही.

साक्षीची पाळी आल्यावर सामंत काय करतो? त्याच्याजवळ एक लोकप्रिय वळणाची कादंबरी आहे. तो प्रामाणिकपणे तिच्यातला प्रसंग उचलतो : प्राध्यापक दामल्यांची खोली, आतून ऐकू येणारा स्त्रीचा आवाज, दिवस गेल्याची गोष्ट. त्याच्या लेखी हे सारे कल्पित आहे. त्याच्या मनात डंख नाही, बेणारेविषयी आदरच आहे. बेणारे खोटे, खोटे म्हणून उसळते, आणि त्या उसळण्यातच इतरांना पुरावा सापडतो. या नाटकातील सर्वांत निरागस माणसाने, सर्वांत खोट्या मजकुरातून, सर्वांत घातक साक्ष दिली आहे. यापुढच्या अंकात बाकीचे जे सांगतात ते तिच्या खऱ्या आयुष्यातले असते; पण दार उघडले गेले ते एका बाजारी कादंबरीने. (पुढे ती निघून जाऊ पाहते तेव्हा सभागृहाचे दार बाहेरून लागलेले असते. तेंडुलकर असे प्रतीक लपवीत नाहीत, आणि येथे लपवण्याची गरजही नव्हती.)

भूमिकाखेळात पंच असतो तो याचसाठी, की खेळ माणसाला लागू लागला तर कोणीतरी थांबवावा. येथे पंच काशीकर आहे. साक्ष देण्याची उबळ अनावर झाल्यावर हा न्यायाधीश आपल्या आसनावरून उतरून साक्षीदार होतो, आणि परत आसनावर जाऊन निकाल देतो. वकील सुखात्मे आरोपीची बाजूही स्वतःच मांडतो. प्रत्येकजण हवी तेव्हा भूमिका टाकतो, हवी तेव्हा पांघरतो. ही मुभा बेणारेला तेवढी नाही. तिला सतत एकच भूमिका दिलेली आहे आणि ती तिच्या देहाला चिकटवून दिलेली आहे. नियम मोडले जातात हा येथील अन्याय नव्हे. नियम वाकवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यात तो आहे.

येथे सभापर्वातील द्यूत आठवते. द्रौपदीने निरोप घेऊन आलेल्याला परत पाठवून विचारले होते की युधिष्ठिराने आधी स्वतःला हरले की मला. हा टाहो नव्हता. खेळाच्या आत उभे राहून खेळाच्या नियमालाच घातलेला तो प्रश्न होता, आणि सभेला तो सोडवता आला नाही. विकर्णाने पण अवैध असल्याचे स्पष्ट सांगितले, ते त्याला द्यूताचे नियम कळत होते म्हणून. ड्युरेनमाट यांच्या ‘डी पाने’ (1956) मधील प्रवासी वृद्ध कायदेपंडितांच्या अशाच खेळात सापडतो. पण त्याला अपराधी ठरणे आवडू लागते, ती वाट निराळी. बेणारेला द्रौपदीसारखा प्रश्न विचारता येत नाही. तिचे दीर्घ स्वगत येते ते इतर सारे गोठलेले असताना. प्रेक्षक ते ऐकतात, न्यायालय ऐकत नाही. आणि विकर्ण होऊ शकला असता तो एकटा सामंत. परंतु त्याला तर नियम आत्ताच शिकवले जात आहेत. जे घडते आहे ते चूक आहे की न्यायालय असेच चालते, हे ठरवायला त्याच्यापाशी साधन नाही. निरागसतेला आपण सहसा नैतिक गुण समजतो. तेंडुलकर तिला केवळ माहितीचा अभाव म्हणून दाखवतात, आणि तरीही तिच्याबद्दल तुच्छता बाळगीत नाहीत.

गर्भ नष्ट करण्याची शिक्षा सुनावली जाते. मग दार उघडते, प्रयोग केव्हा सुरू होणार म्हणून गावचे लोक डोकावतात, आणि सगळे क्षणात पूर्ववत होऊन बेणारेला समजावू लागतात, हा तर खेळ होता. मेजाभोवतीच्या त्या खेळाडूचेच हे उत्तर. मंडळी आत निघून जातात. सामंत कादंबरीबद्दल काही बोलत नाही. पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट तो निश्चल पडलेल्या बेणारेजवळ, जरा अंतरावरूनच, ठेवतो आणि जातो.