सोंगाड्याचा भोळेपणा

दादा कोंडके (१९३२–१९९८) यांच्या द्व्यर्थी बोलण्याला शिष्टांनीं नाकें मुरडलीं आणि त्याच बोलण्यासाठीं सामान्य प्रेक्षकांनीं चित्रपटगृहें भरून टाकलीं. कोंडके म्हणजे द्व्यर्थ, एवढें मात्र दोन्ही पक्षांनीं गृहीत धरलें. आमच्या मतें चूक येथेंच आहे.

मुंबईच्या नायगांवांत, गिरणकामगारांच्या वस्तींत वाढलेले कोंडके बँडपथकांतून व सेवा दलाच्या कलापथकांतून पुढें आले. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यांतील हवालदारानें त्यांना नांव दिलें. वगांत लिहिलेला संवाद केवळ आधारापुरता असतो. समोर कोण बसलें आहे, सकाळच्या वर्तमानपत्रांत काय छापून आलें आहे, हें पाहून सोंगाड्यानें शब्द फिरवावयाचा असतो. हंशा आला तर पुढें जावें, न आला तर तेथेंच सांवरावें. विनोदाचा तोल अर्धा प्रेक्षकच राखतो.

पडद्यापुढील प्रेक्षक नटाला दिसत नाहीं. ही उणीव ‘सोंगाड्या’ (१९७१) या चित्रपटांत नाम्यानें भरून काढली. ढगळ चड्डी, लोंबती नाडी, आईचा धाक आणि तमाशाची ओढ! नाम्याला आपल्याच वाक्याचा दुसरा अर्थ कळत नाहीं. तो कळतो आपल्याला. म्हणून हंसतांना थोडी लाज वाटते, ती त्याची नव्हे, स्वतःच्या मनाची. ‘पांडू हवालदार’मध्यें (१९७५) लाचखाऊ सहकाऱ्याशेजारीं उभा राहिलेला पांडू याच भोळेपणाच्या बळावर व्यवस्थेची थट्टा करतो.

पुढें हा भोळेपणा झिजत गेला. ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६) या हिंदी चित्रपटाच्या नांवांतच द्व्यर्थ दारावर टांगलेला आहे. पात्र पडद्यावर येण्यापूर्वींच कोटी होऊन गेली. मग निरागसतेला काम काय उरलें? जाणूनबुजून डोळा मारणारा मनुष्य सोंगाड्या राहत नाहीं.

तथापि दोष एकट्या नटाचा नव्हे. लियर राजाच्या विदूषकाच्या ग्राम्य कोट्यांवर आम्हीं अध्यापकांनीं वर्षानुवर्षें गंभीरपणें टिपणें सांगितलीं आणि नाम्याकडे मात्र पाठ फिरविली. जाणत्यांनीं वेळींच त्याच्या भोळेपणाची किंमत ओळखली असती, तर तो जपावा असें कदाचित् त्यालाही वाटलें असतें. कोंडक्यांचा न्याय करावयाचा तर तो नाम्याला समोर बसवून करावा.