आपोआप आणि स्वतःहून

ज्यां-मारी लेन यांच्या १९९५ सालच्या ‘सुप्रामॉलिक्युलर केमिस्ट्री’ या ग्रंथातल्या एकाच शब्दाबद्दल आज बोलणार आहे: स्वयंसंघटन. लेन हे १९८७च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी. तेव्हा टीका आदर ठेवूनच.

आधी वस्तुस्थिती बघू. लेन यांनी असे लांबट रेणू बनवले, की ज्यांच्यावर ठरावीक अंतरावर नायट्रोजनच्या जोड्या आहेत. द्रावणात तांब्याचे आयन मिसळले. या आयनाला चार नायट्रोजन लागतात. एका जोडीत दोनच. म्हणून प्रत्येक आयन दोन धाग्यांना धरतो आणि दुहेरी मळसूत्र तयार होतं. पीळ कोणी हाताने घातलेला नाही. यातलं मर्म बंधांच्या कच्चेपणात आहे. चुकीची जोडणी सुटते, पुन्हा जुळते, आणि शेवटी सर्वांत स्थिर रचना टिकते. हे लेन फार नेमकं सांगतात.

हरकत पुढे आहे. रेणूंमध्ये ‘माहिती’ साठवलेली असते, रचना त्या ‘प्रोग्रॅम’नुसार घडते, असं ते म्हणतात. पण नायट्रोजनमधलं अंतर ठरवलं कोणी? रसायनशास्त्रज्ञाने. कुलपाला किल्ली कळत नाही. ती बसते, इतकंच.

कांटने १७९० साली कसोटी दिली आहे. स्वतःला संघटित करणाऱ्या वस्तूचे भाग एकमेकांना निर्माण करतात. घड्याळाचं एक चाक दुसऱ्याला फिरवतं, घडवत नाही. झाड घडवतं.

आता सागरी शैवालातून मिळणारं अल्जिनेट हे पॉलिमर घ्या. त्याच्या ऋणभारित साखळ्यांमध्ये कॅल्शियमचे आयन खोक्यातल्या अंड्यांसारखे बसतात आणि जेल तयार होतं. त्यात सायट्रेट घाला. ते कॅल्शियम ओढून घेतं, जेल विरघळतं. नवा कॅल्शियम मिळवण्याची जेलला काही सोय नाही. कांटच्या कसोटीवर हे घड्याळाच्याच बाजूला पडतं.

आपल्या मराठीत हा भेद आयताच आहे. वाऱ्याने दार आपोआप लागतं. मुलगा अभ्यासाला स्वतःहून बसतो. रेणू आपोआप जुळतात. ‘स्वयं’ म्हटलं की आपण नकळत ‘स्वतःहून’ म्हणतो, आणि कर्ता नजरेआड होतो.

हा निव्वळ शब्दच्छल नाही. असली जेल औषध पोहोचवण्यासाठी वापरतात. उद्या औषध नको तिथे सुटलं, तर ‘पदार्थाने ठरवलं’ असं म्हणून चालेल का? जबाबदारी रेणूवर टाकता येत नाही. ती रेणू घडवणाऱ्याचीच राहते.