फकिराचा वेश आणि दुभंगलेली निष्ठा : जबलपूर १८५७ आणि हेरकथेचा निकष

वासाहतिक राजवटीच्या पार्श्वभूमीवरील हेरकथेत वेशांतर हे प्रायः कथानकाला गती देणारे तंत्र मानले जाते; हेराच्या निष्ठेचा प्रश्न दुय्यम ठरतो. या प्रश्नाची फेरमांडणी जबलपूरच्या एका घटनेच्या आधारे करता येईल.

जबलपुरातील अधारताल हे नाव परंपरेने राणी दुर्गावतीचा मंत्री आधार कायस्थ याच्याशी जोडले जाते. एकनिष्ठ सेवकाची ही स्मृती होय. त्याच गढा-मंडला राजघराण्याचे वंशज शंकरशाह १८५७ मध्ये कंपनीच्या पेन्शनवर होते. ५२ व्या देशी पलटणीशी त्यांचे संधान असल्याच्या संशयावरून डेप्युटी कमिशनर क्लार्क याने एका चपराशाला फकिराच्या वेशात त्यांच्याकडे पाठविले. पुढे झडतीत शत्रुसंहारासाठी देवीला केलेली प्रार्थना सापडली. ती सरकारी जाहीरनाम्याच्या पाठीमागे लिहिलेली होती. १८ सप्टेंबर १८५७ रोजी शंकरशाह व पुत्र रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्याच रात्री पलटणीने उठाव केला.

येथे निष्ठा कोठेच एकेरी नाही. राजा पेन्शनर आहे, शिपाई कंपनीचे चाकर आहेत, कागदालाही दोन बाजू आहेत. मात्र शासकीय वृत्तान्त द्रोहाचा प्रश्न केवळ आरोपीला विचारतो. फकीर झालेला चपराशी त्याच्या दृष्टीने निव्वळ साधन असतो. ज्या श्रद्धेच्या बळावर त्याला दार उघडले गेले, तिचा त्याच्या मनाशी काय संबंध होता, हा प्रश्न कादंबरीच विचारू शकते.

किप्लिंगच्या 'किम'मध्ये (१९०१) हा प्रश्न टाळला जातो. लामाची सेवा आणि साम्राज्याची हेरगिरी शेजारीशेजारी नांदतात. वेशांतर खेळच राहते. शरच्चंद्रांच्या 'पथेर दाबी'त (१९२६) अपूर्व सहकाऱ्यांची माहिती उघड करतो, परंतु सव्यसाची त्याला जीवदान देतो. फितुरीमागील दुर्बल माणूस तेथे दिसतो. हरिभाऊंच्या 'उषःकाल'मध्ये विजापूरनिष्ठ रंगराव आप्पा आणि शिवाजीकडे ओढला जाणारा नानासाहेब असा दुभंग पितापुत्रांत वाटला गेला आहे. त्यामुळे दोन्ही निष्ठांना प्रतिष्ठा लाभते. जबलपुरात पितापुत्र एकाच बाजूला होते. दुभंगाची रेषा फकिराच्या अंतरंगातून जाते.

म्हणून अशा कादंबरीचे मूल्यमापन रहस्याच्या उकलीवरून करणे अपुरे ठरते. तिने त्या चपराशाला वेशापलीकडचे मन दिले आहे काय, हा निकष अधिक मूलभूत आहे. ते न देणारी कादंबरी, तिची सहानुभूती कोणाच्याही बाजूची असो, शासकीय दप्तराचीच दृष्टी पुढे चालविते.