ग्रँड रॅपिड्सचा प्रयोग आणि तुलनेचा प्रश्न

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळून मुलांचा दंतक्षय रोखता येतो, या मताची पहिली शहरव्यापी परीक्षा अमेरिकेतील मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स येथे झाली. 25 जानेवारी 1945 पासून तेथील नळाच्या पाण्यात दहा लक्ष भागांस एक भाग या प्रमाणात फ्लोराइड मिसळले जाऊ लागले. निसर्गतः फ्लोराइडयुक्त पाणी पिणाऱ्या गावांची ट्रेंडली डीन यांनी केलेली पाहणी या प्रमाणामागे होती. मिशिगन सरोवराचेच पाणी पिणारे मस्केगन शहर तुलनेसाठी तसेच ठेवण्यात आले. योजना समंजस होती. ती शेवटास मात्र गेली नाही.

अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने 1950 मध्येच या उपायाचा पुरस्कार केला. प्रयोगारंभानंतर जन्मलेले सर्वांत मोठे मूल त्या वेळी पाच वर्षांचे होते, आणि पहिली कायमची दाढ येते ती सहाव्या वर्षाच्या सुमारास. दात घडत असताना पोटात गेलेले फ्लोराइड त्यास बळकटी देते, हे तत्कालीन गृहीत. म्हणजे ज्या दातांवर त्याची परीक्षा व्हावयाची, ते हिरडीबाहेर येण्याआधीच निकाल लागला! (फ्लोराइडचे कार्य मुख्यतः बाहेर आलेल्या दाताच्या पृष्ठभागावर चालते, हे पुढे कळले, त्या घाईचे समर्थन त्याने होत नाही.) 1951 मध्ये मस्केगननेही फ्लोराइड स्वीकारले. त्या नागरिकांस दोष कोण देईल? शेजारच्या मुलांचे दात सुधारत असता आपल्या मुलांनी केवळ तुलनेसाठी किडके दात बाळगावेत, असे त्यांस सांगणे कठीण. परंतु त्यामुळे अकरा वर्षांनंतरचा साठ टक्क्यांहून अधिक घटीचा बहुश्रुत आकडा मुख्यतः त्याच शहराच्या पूर्वस्थितीशी केलेल्या तुलनेवर उभा राहिला. एवढी मोठी घट योगायोग मानणे हा दुराग्रह होईल. तिचे सारे श्रेय फ्लोराइडला देणे हेही तितकेसे शास्त्रशुद्ध नव्हे.

आजच्या वादात हा आकडा पुढे करणे तर अप्रस्तुतच होय. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट सर्रास झाल्यानंतरच्या अभ्यासांवरून 2024 च्या कोक्रेन समीक्षेस आढळलेला लाभ दर मुलामागे दुधाच्या सुमारे पाव दाताचा, आणि तोही अनिश्चित. मात्र तो पाव दात कोणत्या मुलांच्या वाट्याचा, हे सरासरी सांगत नाही. कॅनडातील कॅल्गरीने 2011 मध्ये फ्लोराइड बंद केले, एडमंटनने चालू ठेवले. सुमारे सात वर्षांनी दुसरीच्या वर्गात दुधाचे दात किडलेली मुले कॅल्गरीत सुमारे 65 टक्के, एडमंटनमध्ये 55 टक्के आढळली. येथे तुलनेचे शहर अखेरपर्यंत तुलनेचेच राहिले. कॅल्गरीने 2021 मध्ये लोकमत घेतले आणि 2025 मध्ये फ्लोराइड पुन्हा सुरू केले.