एकाला सक्तीचा, दुसऱ्याला ऐच्छिक : ॲमहर्स्टच्या विद्यार्थ्यांवरचं एक पुस्तक

आजच्या व्याख्यानासाठी मी एकच पुस्तक घेतलं आहे. एलिझाबेथ एरीज यांचं ‘रेस अँड क्लास मॅटर्स ॲट ॲन एलीट कॉलेज’, २००८ सालचं. पुस्तक चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझी तक्रार त्यातल्या माहितीबद्दल नाही. ते जो प्रश्न विचारतं, त्याबद्दल आहे.

आधी जागा समजून घेऊ. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ॲमहर्स्ट कॉलेज आहे, १८२१ मध्ये स्थापन झालेलं. लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे काय, तर इथे डॉक्टर किंवा वकील तयार होत नाहीत. साहित्य, गणित, इतिहास, भौतिकशास्त्र असं सगळं शिकवतात. विद्यार्थी दोन हजारांच्या आत, आणि जवळजवळ सगळे कॉलेजच्या आवारातच राहणारे. जेवायला सगळ्यांना मिळून एक मोठा हॉल. म्हणजे बघा, वर्गात जेवढा वेळ जातो त्याच्या कितीतरी पट वेळ एकमेकांच्या सहवासात जातो. कोण कोणाच्या टेबलावर बसतं, हा तिथे किरकोळ प्रश्न राहत नाही.

एरीज तेव्हा याच कॉलेजात मानसशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. २००५ साली प्रवेश घेतलेल्या ५८ विद्यार्थ्यांशी त्या बोलल्या. पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला एकदा आणि वर्ष संपताना पुन्हा. गट चार केले : सधन घरातले गोरे, सधन घरातले कृष्णवर्णीय, कमी उत्पन्नाच्या घरातले गोरे आणि कमी उत्पन्नाच्या घरातले कृष्णवर्णीय. आशियाई, लॅटिनो विद्यार्थी यात नाहीत, ही मर्यादा आहेच.

पण ही चार गटांची मांडणी हीच पुस्तकाची खरी ताकद आहे. एरवी कृष्णवर्णीय म्हटलं की लोक गरिबी गृहीत धरतात. इथे दोन धागे सुटे होतात. सधन कृष्णवर्णीय विद्यार्थी पैशाला अडत नाही, पण त्याचं कृष्णवर्णीय असणं पुरेसं ‘अस्सल’ आहे का, अशी शंका घेतली जाते. गरीब घरातला गोरा विद्यार्थी गर्दीत सहज मिसळतो. मग एक दिवस मित्र बाहेर जेवायला निघतात. नाही म्हणावं तर एकटं पडायचं, हो म्हणावं तर महिन्याचा हिशेब कोलमडायचा. त्याची गरिबी कोणाला दिसत नाही, म्हणून ती एक तर सांगावी लागते नाहीतर लपवावी लागते. आणि सुट्टीत घरी जावं तर तिथेही बोलण्यातला बदल घरच्यांच्या लक्षात येतो. हे सगळं एरीज शांतपणे, आरडाओरडा न करता मांडतात.

आता माझा आक्षेप. पुस्तकाचा मुख्य प्रश्न असा : वेगवेगळ्या घरांतली मुलं एकत्र राहिली, तर ती एकमेकांकडून काय शिकतात? ऐकायला किती छान वाटतं! पण जरा थांबून विचारा, शिकवतं कोण? सधन विद्यार्थ्याला गरिबी कळावी म्हणून गरीब मुलाने आपलं घर उघडून दाखवायचं. गोऱ्या रूममेटचे गैरसमज दूर व्हावेत म्हणून कृष्णवर्णीय मुलीने अख्ख्या समाजाच्या वतीने उत्तरं द्यायची. गरीब मुलंही शिकतात, नाही असं नाही. वागण्या-बोलण्याच्या रीती शिकतात, ओळखी मिळतात, पुढच्या वाटा दिसतात. पण त्यांना ते शिकल्यावाचून गत्यंतर नसतं. समोरच्याने नाही शिकलं तरी त्याचं काही अडत नाही. एकाला तो सक्तीचा विषय आहे, दुसऱ्याला ऐच्छिक. एरीज यांना हे ओझं दिसतं. नुसतं एकत्र ठेवून भागत नाही, असंही त्या म्हणतात. तरी शेवटचा हिशेब ‘शिकण्या’चाच मांडतात.

हा प्रश्न त्यांनी मनाने काढलेला नाही, हेही मान्य करायला हवं. १९७८ च्या बाकी खटल्यात न्यायमूर्ती पॉवेल यांनी सांगितलं की समाजातल्या जुन्या अन्यायाची भरपाई म्हणून प्रवेशात वंशाचा विचार करता येणार नाही, विविधतेचा शैक्षणिक लाभ म्हणून करता येईल. २००३ च्या ग्रटर खटल्यातही तेच टिकलं. म्हणजे कॉलेजांना न्यायाची भाषा बोलायला बंदी आणि लाभाची भाषा बोलायला मुभा. मग प्राध्यापकही लाभच मोजणार.

आणि ती भाषा अखेर तोकडी पडली. २९ जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित प्रवेशधोरण रद्द केलं. असे लाभ न्यायालयाला मोजता येत नाहीत, हे त्यामागचं एक कारण. पुढच्याच वर्षी ॲमहर्स्टच्या नव्या तुकडीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं. आता त्या जेवणाच्या हॉलमधल्या तीन टक्क्यांचा विचार करा. ‘सगळ्यांच्या वतीने’ बोलायचं ओझं आता किती कमी खांद्यांवर आलं!

हे आपण मराठीत का बोलतोय? आपल्याकडे कायद्याचा पाया वेगळा आहे म्हणून. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १५(४) आलं, ते सवर्ण मुलांना काही शिकायला मिळावं म्हणून नाही. जागा हा हक्क आहे. पण हक्काने प्रवेश मिळाल्यानंतर वसतिगृहात काय होतं? २००७ मध्ये सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्सबद्दल अहवाल दिला, तेव्हा अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी वसतिगृहात ठरावीक मजल्यांवर कसे ढकलले जातात, ते पुढे आलं. त्यासाठी तक्रारी व्हाव्या लागल्या, समिती नेमावी लागली. तक्रार नसताना, एखाद्या साध्या वर्षी, सुरुवातीला आणि शेवटी मुलांसमोर बसून ‘कसं चाललंय?’ असं विचारणं, हे एरीज यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

फक्त प्रश्न बदलू या. ‘तुझ्यामुळे इतरांना काय शिकायला मिळालं?’ हे नको. ‘तुला इथे निवांत जेवता येतं का?’ एवढंच विचारू.

मी इथे थांबतो. तुमच्यापैकी जे वसतिगृहात राहिलेत, त्यांनी आधी बोलावं.