अर्ध्या वाकळीची समीक्षा

मराठी साहित्यात गोधडी येते ती बहुधा घडी घातलेली. ती आधीच शिवून झालेली असते, आईने किंवा आजीने एकटीने शिवलेली असते, आणि तिला ऊब असते. कैलास दौंड यांची 'गोधडी' ही कविता पाठ्यपुस्तकामुळे घरोघरच्या मुलांना माहीत झाली. ललित लेखांत आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत तर गोधडी म्हणजे माया हे समीकरण आता कोणी तपासूनही पाहत नाही. कवितेशी माझे भांडण नाही. वस्तूतून भाव काढणे हे कवीचे कामच आहे. भांडण आहे ते आपल्या समीक्षेशी आणि लोकसंस्कृतीच्या अभ्यासाशी. कवीने शेवटी जे म्हणायचे ते या दोघांनी सुरुवातीलाच म्हणून टाकले, आणि वस्तू पाहायची राहून गेली.

वस्तू पाहायची तर ती अर्धी असताना पाहावी लागते. वाशीम जिल्ह्यातल्या गावांत आणि तांड्यांवर उन्हाळ्यातल्या दुपारी जी बैठक बसते, तिथे ती अशी अर्धी दिसते. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या बैठकीत गोधडी फक्त शिवली जात नाही, तिची समीक्षाही तिथेच होते. ती समीक्षा आपल्या छापील समीक्षेपेक्षा अधिक नेमकी असते.

आधी शब्दांचे पाहू. आमच्याकडे गोधडी म्हणतात आणि वाकळही म्हणतात. वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून डोळ्याचा डोया आणि वाकळीची वाकय. बाळाचे ते दुपटे. बाळंतविड्यात कुंचीबरोबर दुपटी असायचीच. संस्कृतातली कंथा नाथजोग्यांच्या अंगावर गेली आणि बंगालात काँथा म्हणून घरात राहिली. या शब्दांत माया कुठे आहे ते शोधावे लागते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी 1876 साली जन्मलेल्या डेबूजीला लोक गाडगेबाबा म्हणू लागले तसे गोधडेबुवाही म्हणत. त्या नावात ऊब नाही. तिथे अंगावरच्या चिंध्या हे चारचौघांत दाखवलेले दैन्य आहे, आणि ते दाखवण्यात एक धाकही आहे. म्हणजे गोधडीचा अर्थ एकच, हे आपल्या परिसरालाही मान्य नव्हते.

दुसरी गोष्ट कापसाची. 1853च्या तहानंतर वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि इथला कापूस जगाच्या बाजारात गेला. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी, जिला पुढे सगळे शकुंतला म्हणू लागले, ती कारंजावरून कापसासाठीच धावली. या कापसाच्या मुलखात वाकळीच्या पोटात मात्र कापूस नसतो. कापूस भरला की ती गादी किंवा रजई होते, ती पिंजाऱ्याकडून करून घ्यायची, त्याचे पैसे मोजायचे. वाकळीत जाते ते जुने लुगडे, धोतर, विटलेली चादर, मुलांचे शाळेचे शर्ट. ज्या बाईने दिवसभर कापूस वेचला तिच्या अंथरुणात तो कापूस येतो तो कापड होऊन, विकत घेतला जाऊन, अंगावर झिजून झाल्यावर. आता तर जिल्ह्यातले मुख्य पीक सोयाबीन आहे. दिवाळीच्या तोंडावर बायांच्या हाती सोंगणीचा विळा असतो, सुई नसते.

सुई हाती येते ती हरभरा-गहू निघाल्यावर, चैत्र-वैशाखात. पावसाच्या आत काम उरकावे लागते, कारण ओल आली की जाड वाकळ वाळत नाही. जेवणे-भांडी झाली की ज्या घरी वाकळ टाकली आहे तिथे शेजारणी येतात. आज हिच्याकडे, हिची झाली की तिच्याकडे. शेतातल्या सावडीसारखाच हा हिशेब: तू माझ्या वाकळीला चार दुपारी दिल्या, मी तुझ्या वाकळीला देईन.

सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर खाली एक अख्खे लुगडे अंथरतात. फाटके असेल तर मधले विरलेले काढून, दंड घालून पुन्हा अख्खे केलेले. त्यावर पोटातले थर, त्यावर वरचा थर. कोपऱ्यांवर वरवंटा, पाण्याची गुंडी, जे जड सापडेल ते. मग कच्चे टाके. हे टाके नंतर काढून टाकायचे असतात, म्हणून पाहुण्याला ते महत्त्वाचे वाटत नाहीत. पण सारे पुढचे काम त्यांच्यावर उभे असते. कारण आपल्याकडची पुष्कळशी वाकळ काठापासून आत शिवत जातात. चौकोनात चौकोन, फेऱ्यावर फेरा, मध्यापर्यंत. अशा शिवणीत कापडाचा जो सैलपणा असतो तो दर फेऱ्याला आत ढकलला जातो. काठाशी सोडलेली बोटभर ढिलाई शेवटी मध्यावर ढीग होऊन बसते. म्हणून बाया वाकळीवरच बसतात, तळहाताने कापड बाहेर सारत राहतात. या बसण्याला आपण घरगुती मोकळेपणा समजतो. ते तंत्र आहे.

चार बाजूंना चौघी बसल्या की चार हात होतात. एकीचा टाका तांदळाएवढा, दुसरीचा गव्हाएवढा. एकीच्या दोन ओळींत बोटाचे अंतर, दुसरीच्या अर्ध्या बोटाचे. बाजूवर हे खपून जाते, कोपऱ्यावर खपत नाही. तिथे एकीची ओळ दुसरीच्या ओळीला भेटली पाहिजे. अंतर निराळे असेल तर पाचसहा फेऱ्यांत चौकोन कलतो आणि वाकळीचा मध्य सरकतो. म्हणून बोलाचाली होते ती कोपऱ्यावर. "काहून वं, तुही ओळ माह्या ओळीले सोडून कुठं चालली?" यात थट्टा आहे, पण निकषही आहे. आपल्या मर्जीचे अंतर धरायचे की सोबतच्या हाताचे, हा सामूहिक कलाकृतीतला मूळ प्रश्न आहे. त्यावर तिथे दर फेऱ्याला निर्णय घ्यावा लागतो.

वरच्या थरातल्या तुकड्यांवरही असेच. "लाल उचल तिथून, डोयात खुपते." उचललेला लाल तुकडा कुठे ठेवायचा यावर मग चर्चा. कोणाच्या नवऱ्याचा शर्ट, कोणाच्या सासूचे पातळ, हे सगळ्यांना ठाऊक असते. तरी त्या क्षणी निकष आठवणीचा नसतो, रंगाचा आणि झिजेचा असतो. एकाच वेळी विरणारी दोन कापडे शेजारी ठेवायची नाहीत, कारण तिथे एकदम भगदाड पडते. जाड कापड काठाला नको, सुई शिरत नाही. आठवण आहे म्हणून कुजके कापड वर घ्यायचे नाही, ते पोटात जाऊ द्यावे. हे सगळे ऐकल्यावर 'आठवणींचे तुकडे' ही आपली लाडकी शब्दयोजना फार आळशी वाटू लागते.

आता काठापासून आत जाणाऱ्या शिवणीचा एक परिणाम पाहा. पहिल्या दिवशी सहासात जणी सहज बसतात. फेरे लहान होत जातात तशा बाया कमी होतात, कारण जागाच नसते. शेवटचा हातभर चौकोन उरतो तेव्हा तिथे एकच सुई चालते. ती बहुधा घरधनिणीची असते, आणि तेवढे काम ती रात्री, कामे आटोपल्यावर, दिव्याखाली करते. मुलाला जाग येते आणि त्याला ती दिसते. पुढे तो लेखक होतो. आपल्या साहित्यातली एकटी शिवणारी आई खोटी नाही, पण ती वाकळीच्या शेवटच्या हातभर भागाची साक्ष आहे. बाहेरचे फेरे घालणाऱ्या बाया तोवर आपापल्या घरी गेलेल्या असतात आणि त्या त्याच्या लेखनात येत नाहीत.

लोकसाहित्याच्या अभ्यासकांना तरी त्या दिसायला हव्या होत्या. सरोजिनी बाबरांनी आणि लोकसाहित्य समितीने गावोगावचे शब्दधन गोळा केले. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण हा सारा अभ्यास कानाचा आहे. पहाटे जात्यावर जी बाई गायली तिची ओवी आपण उतरवून घेतली. दुपारी तीच बाई सुई घेऊन बसली तेव्हा तिथे उतरवून घेण्याजोगे काही नव्हते, असे मानले गेले. तिथे गाणे कमी आणि बोलणे जास्त. शिवाय ते बोलणे कामाचे. पहाटेच्या बाईला आपण कवयित्री म्हटले आणि दुपारच्या बाईला माय म्हणून सोडून दिले.

बंगालात काँथेला हा अभ्यास लाभला. गुरुसदय दत्तांनी काँथा जमवल्या, स्टेला क्रामरिश यांनी 1939मध्ये त्यांच्यावर दीर्घ निबंध लिहिला. एक कारण उघड आहे: नक्षीकाँथेत कमळ, हत्ती, रथ असतात, आणि चित्र असले की विद्वानाला वाचता येते. आमच्या वाकळीत चित्र नाही, नुसते रंग आणि ओळी. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्याही अशाच बिनचित्रांच्या. 2002मध्ये त्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत भिंतीवर लागल्या, आणि समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. त्या तुलनेने मला फारसे समाधान होत नाही. भिंतीवर लावली की गोधडी एकाच बाजूची होते आणि वजन हरवते. पण त्या प्रदर्शनाने एक गोष्ट केली, प्रत्येक गोधडीखाली करणारीचे नाव लिहिले. आपल्याकडे गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर मेहनतीने पुस्तक केले. ते इंग्रजीत आले आणि फ्रान्समधल्या प्रकाशनाने काढले. मराठी प्रकाशकांना आणि मराठी संशोधकांना, म्हणजे आम्हा सर्वांना, यात लाज वाटण्यासारखे आहे.

जवळचे उदाहरण उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांच्या कवंदीचे आहे. त्याही काठापासून आत शिवतात, आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुले लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. म्हणजे 'पुरी झाली' याचा निकष त्यांच्याकडे ठरलेला आहे. आपल्याकडे काठाला लुगड्याचा किनार लावायचा की नाही, मध्यावर एखादे उठावाचे ठिगळ हवे की नको, याची गावागणिक नोंदही आपण केलेली नाही. पोहरादेवीला ऑक्टोबर 2024मध्ये बंजारा विरासत संग्रहालय उघडले. बंजारा स्त्रियांच्या काचा-कवड्यांच्या भरतकामाचा वारसा मोठा आहेच, आणि ते मुळात अंगावर मिरवण्यासाठी केलेले असते. अंथरूण कोणी मिरवत नाही. पाहुणा आला की आधी ते उचलून आत नेतात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मला टाळायचा नाही. गरजेला तुम्ही कला म्हणता, असे कोणी म्हणेल. खरे आहे, मजुराच्या घरात वाकळ हा आवडीचा भाग नव्हता. दुसरे काही नव्हते म्हणून ती होती. तिच्यात ढेकूण होते, पावसाळ्यात ती कुबट वास मारायची, ओली झाली की धुणारीचे हात भरून यायचे. तिच्यातले पुष्कळसे कापड मालकाच्या घरचे उतरलेले असायचे. आणि बैठकीबद्दलही हळवे होण्याचे कारण नाही. कोण कोणाच्या अंगणात बसणार हे गल्लीवर, वस्तीवर, तांड्यावर ठरते, म्हणजे जातीवर ठरते. मोठ्या घरचे पातळ मजूर बाईच्या वाकळीत जाते, मोठ्या घरची बाई तिच्या वाकळीवर बसायला जात नाही. वाकळीत सगळे तुकडे एकत्र नांदतात, म्हणून ती समतेचे प्रतीक आहे, असे लिहिणाऱ्यांनी एकदा बैठकीला कोण होते ते विचारावे. पण गरजेतून झालेल्या वस्तूत निवड नसते, हे मला मान्य नाही. मोजकेच कापड असले की निवड जास्त कठीण होते, एवढेच.

अभ्यासाला आणखी एक अडचण आहे. जुनी वाकळ जीर्ण झाली की तिच्यावर नवे थर घालून नवी वाकळ करतात. जुनी नव्हे तर जुनीच्याही पोटातली जुनी, असे आत जात राहते. सर्वांत जुने कापड पाहायचे तर उसवावे लागते, आणि वापरातली वाकळ उसवायला कोणती बाई देईल? द्यावी असेही नाही. म्हणून नोंद करायची वेळ एकच, शिवण्याची. कोणाचे कापड, कोणते हात, किती दुपारी, अंतर कोणी ठरवले.

गंमत अशी की याच बायांची दुसरी एक बैठक आहे आणि तिची नोंद काटेकोर होते. बचत गटाची. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे ही पंचसूत्री गटातल्या बाईला तोंडपाठ असते. वाकळीच्या बैठकीत यातल्या चार गोष्टी होतात. हजेरी आहे, उधारी आहे, दुपारींची परतफेड आहे, चिंध्यांची बचत तर वर्षभराची आहे. फक्त लेखे नाहीत. आता काही ठिकाणी गटांनीच गोधड्यांची कामे घ्यायला सुरुवात केली आहे, तेव्हा लेखेही आले. कापडाचे तुकडे नवे, दुकानातून आणलेले. टाका सगळ्यांचा सारखा हवा, कारण गिऱ्हाईक शहरातले. अलाबामातल्या स्त्रियांनी 1966मध्ये सहकारी गट काढला तेव्हा त्यांच्यापुढेही हेच आले होते. दुकानांच्या मागणीला एकसारखा माल लागतो. पुढे ज्यांची कीर्ती झाली त्या मात्र घरासाठी केलेल्या गोधड्या होत्या. पैसे मिळतात ते मिळायलाच हवेत, बायांचे श्रम फुकट गेले तर वारसा जपला जातो असे मानणारे दुसऱ्याच्या श्रमावर हळवे होतात. पण सारख्या टाक्याच्या गोधडीत कोपऱ्यावरची ती बोलाचाली उरत नाही. माप आधीच ठरलेले असते.

घरच्या वाकळीपुढे आता दुसराच पेच आहे. जुनी सुती लुगडी संपली, पेटीत उरले ते सिंथेटिक. ते विरत नाही, रंग सोडत नाही, आणि म्हणून टिकेल असे वाटते. पण ते घाम पीत नाही, थर एकमेकांवरून घसरतात, आणि सुती दोऱ्याने ओढले की चुणी पडते. मालेगाव तालुक्यातल्या एका बैठकीत यावर दोन मते ऐकली. एकीचे म्हणणे, सिंथेटिक पोटात टाका आणि वर-खाली सुती ठेवा. दुसरीचे बरोबर उलट, सिंथेटिक वर घ्या, कारण पोटात ते जागा सोडते आणि दोन पावसाळ्यांत गोळा होऊन बसते. दोघी एकाच वाकळीच्या समोरासमोरच्या बाजूंना बसल्या होत्या. पाचव्या फेऱ्यापर्यंत निकाल लागलेला नव्हता, आणि खाली अंथरलेल्या लुगड्याचा काठ एका बाजूने दोन बोटे जास्त दिसू लागला होता.